लेबल लावणं वेगळं, रूपांतर वेगळं: कॅडचं ड्रॉइंग जीआयएसमध्ये भलतीकडे का जातं

सातबाऱ्यावर क्षेत्र ४० आर लिहिलं आहे. कुणी 'आर' खोडून तिथे 'गुंठे' लिहिलं आणि आकडा तोच ठेवला, तर शेताचा बांध इंचभरही हलत नाही. कागदावर मात्र क्षेत्र जवळपास ४७ चौरस मीटरनं वाढतं, कारण आर म्हणजे १०० चौरस मीटर आणि गुंठा म्हणजे १०१.१७. दुसऱ्या माणसानं त्याच ४० आरचा हिशेब केला आणि ३९.५४ गुंठे लिहिले. आकडा बदलला, एकक बदललं, शेत तेवढंच राहिलं. दोघांच्याही कागदावर शेवटी 'गुंठे' हाच शब्द आहे. पहिल्यानं लेबल बदललं, दुसऱ्यानं रूपांतर केलं.

कॅड (संगणकावर ड्रॉइंग काढायचं सॉफ्टवेअर) आणि जीआयएस (पृथ्वीवरच्या जागेशी जोडलेले नकाशे हाताळणारं सॉफ्टवेअर) यांच्यात फायली देता-घेताना होणाऱ्या बहुतेक गोंधळांच्या मुळाशी हाच फरक असतो. क्यूजीआयएस या जीआयएस सॉफ्टवेअरमध्ये 'असाइन प्रोजेक्शन' आणि 'रीप्रोजेक्ट लेयर' अशी दोन साधनं आहेत. आर्कजीआयएस या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये त्यांची नावं 'डिफाइन प्रोजेक्शन' आणि 'प्रोजेक्ट'. दोन्हींच्या खिडकीत एकच प्रश्न दिसतो: सीआरएस (फाइलमधले आकडे पृथ्वीवर कुठे पडतात हे ठरवणारी पद्धत) कोणता? म्हणून माणूस गफलत करतो. पण पहिलं साधन फक्त सांगतं की फाइलमधले आकडे अमुक पद्धतीचे आहेत. आकड्यांना ते हात लावत नाही. दुसरं साधन प्रत्येक बिंदूचा आकडा नव्यानं काढतं, आणि त्यासाठी आधीचं लेबल खरं आहे असं धरून चालतं.

कॅडवाल्याला हा प्रश्न रोज पडत नाही. त्याच्या दृष्टीनं ड्रॉइंग म्हणजे एक सपाट कागद, त्यावर एक्स आणि वाय. डीएक्सएफ, म्हणजे कॅडची ड्रॉइंग देवाणघेवाणीसाठीची फाइल, तिच्यातून सहसा आकडेच येतात. ते पृथ्वीवर कुठले, हे फाइल सांगत नाही. नव्या ऑटोकॅडमध्ये भौगोलिक स्थान जोडायची सोय आहे, पण व्यवहारात हाती येणाऱ्या दहातल्या नऊ ड्रॉइंगमध्ये ती वापरलेली नसते, आणि असली तरी डीएक्सएफ करताना पुढे पोचेल याची खात्री नाही. म्हणून क्यूजीआयएसमध्ये अशी लेयर (नकाशाचा एक थर) उघडली की तिच्या नावापुढे प्रश्नचिन्ह दिसतं. ते प्रश्नचिन्ह मला फार प्रामाणिक वाटतं. सॉफ्टवेअर सांगतंय की मला माहीत नाही, तू सांग. आणि आपण घाईत काहीतरी सांगून टाकतो.

आमच्याकडे घडलेलं सांगते. पुणे शहराला लागून असलेल्या एका गावाच्या नळपाणी योजनेचं ड्रॉइंग आलं होतं. माझी तरुण सहकारी त्याआधी महिनाभर नागपूरच्या कामात होती, त्यामुळे यादीत सगळ्यात वर तिला ईपीएसजी ३२६४४ (यूटीएम झोन ४४ या सीआरएसचा क्रमांक) दिसला आणि तिनं तोच दिला. थोड्या वेळानं हाक आली, "ताई, ही पाइपलाइन तेलंगणात गेलीय." खरंच गेली होती, भूपालपल्लीच्या आसपास. यूटीएम ही पृथ्वीचे उभे पट्टे, म्हणजे झोन, करून प्रत्येकात जागा मीटरमध्ये सांगायची पद्धत. हे झोन ६ अंशांचे असतात आणि प्रत्येकात आकडे नव्यानं सुरू होतात. ७२ ते ७८ पूर्व रेखांश झोन ४३, ७८ ते ८४ झोन ४४. पुण्याचे आकडे ४३चे. त्यांना ४४ म्हटलं की नकाशा अक्षांश न बदलता बरोबर ६ अंश पूर्वेला सरकतो. आपल्या अक्षांशावर ते अंतर सुमारे ६३० किलोमीटर होतं.

इथवर काहीच बिघडलं नव्हतं. लेबल चुकलं होतं, आकडे शाबूत होते. उजवी क्लिक करून ३२६४३, म्हणजे झोन ४३, दिलं असतं तर लेयर पुण्यात परत आली असती. पण तिनं काय केलं, तर 'सेव्ह फीचर्स अ‍ॅज' उघडून तिथे ३२६४३ निवडलं आणि नवी फाइल केली. तिथे निवडलेला सीआरएस म्हणजे लेबल नव्हे, ते रूपांतर असतं. सॉफ्टवेअरनं तिच्या सांगण्यावर विश्वास ठेवला: ही जागा तेलंगणात आहे, तिचे झोन ४३चे आकडे काढून दे. त्यानं ते काढले. मूळ पूर्वेचा आकडा, म्हणजे एक्स, ३ लाख ७९ हजारांच्या घरात होता, तो झाला १० लाख १३ हजार. लेबल आता अगदी बरोबर दिसत होतं. पाइपलाइन मात्र तेलंगणातच.

ही अवस्था सगळ्यात धोक्याची. चुकीचं लेबल असलेली फाइल पाहणाऱ्याला कळते, कारण ती भलतीकडे पडते आणि एका क्लिकनं सुधारते. चुकीच्या लेबलावरून रूपांतर केलेल्या फाइलचं लेबल तपासलं तर ते योग्यच निघतं, मग माणूस चूक ड्रॉइंगमध्ये शोधत बसतो. बिचाऱ्या ड्राफ्ट्समनला फोन जातात. इथे एक आकडा मनात ठेवावा: आपल्याकडच्या अक्षांशांवर यूटीएम झोनच्या आतला पूर्वेचा आकडा साधारण १ लाख ८० हजार ते ८ लाख २० हजार यांच्यामध्ये राहतो. यूटीएमचं लेबल असूनही तो १० लाखांच्या आसपास, ७ आकडी दिसला की बहुधा वाटेत कुणीतरी खोट्या लेबलावर रूपांतर केलेलं असतं.

आणि हे उलटवता येतं, हे फार थोड्यांना माहीत असतं. मूळ फाइल हरवली असली तरी घाबरू नये. बिघडलेली लेयर ज्या खोट्या लेबलावरून आली, त्याच लेबलाकडे तिचं परत रूपांतर करायचं. आमच्या बाबतीत ३२६४३ वरून ३२६४४ कडे. पूर्वेचा आकडा पुन्हा ३ लाख ७९ हजारांवर येतो. मग रूपांतर थांबवून फक्त लेबल बदलायचं, ३२६४३. पाइपलाइन गावात. मधल्या पायरीला कुणी दशांश कापलेले नसले तर मिलिमीटरचाही फरक पडत नाही.

मग खरं लेबल ओळखायचं कसं? विचारता आलं तर विचारावं, पण माझा पहिला भरवसा आकड्यांवर असतो. ड्रॉइंग ऑटोकॅडमध्ये उघडायचं, आधी यूसीएस कमांड देऊन 'वर्ल्ड' करायचं, आणि ओळखीच्या एखाद्या बिंदूवर, म्हणजे विहिरीवर किंवा चौकाच्या कोपऱ्यावर, त्या बिंदूचे आकडे सांगणारी आयडी कमांड चालवायची. यूसीएस म्हणजे वापरणाऱ्यानं सोयीनं ठेवलेले अक्ष, 'वर्ल्ड' म्हणजे ड्रॉइंगचे मूळ अक्ष. ही पायरी गाळू नका. रस्ता पडद्यावर आडवा दिसावा म्हणून अनेक जण यूसीएस फिरवून ठेवतात. मग खाली दिसणारा आकडा वेगळा आणि जीआयएस वाचतं तो वर्ल्डचा आकडा वेगळा. या एका गोष्टीपायी दोन खात्यांमध्ये आठवडाभर चाललेला वाद मी पाहिला आहे. दोघंही आपापल्या पडद्यावरचं खरंच सांगत होते.

आकडा मिळाला की त्याची लांबी बघायची. ७३.८ आणि १८.५ असं काही असेल तर ते अंश आहेत. पुण्यासाठी ३ लाख ७९ हजार आणि २० लाख ४८ हजार असेल तर यूटीएम मीटर. पहिला आकडा ८२ लाखांच्या पुढे आणि दुसरा २१ लाखांच्या आसपास असेल तर ते वेब मर्केटर, म्हणजे गूगलसारख्या बेसमॅपची (मागे दिसणाऱ्या तयार नकाशाची) पद्धत. दुसरा आकडा यूटीएमशी मिळताजुळता असल्यानं इथे फसगत होते. ओळख पहिल्यावरून पटते. आकडे जागच्या जागी पण हजारपट मोठे असतील तर ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये आहे. ऑटोकॅडचं इनसयुनिट्स (एककाची सेटिंग) तिथे ४ असेल, मीटरला ते ६ असतं, पण ते कुणी मनावर घेतलेलं असेलच असं नाही. आणि पहिला आकडा २० लाखांत, दुसरा ३ लाखांत असा उलटा असेल, तर टोटल स्टेशनच्या (सर्व्हेअरच्या मोजणी यंत्राच्या) फाइलमध्ये उत्तर आधी आणि पूर्व नंतर लिहिलं होतं एवढंच.

यातल्या शेवटच्या दोन गोष्टी ना लेबलानं सुटतात ना प्रोजेक्शनच्या रूपांतरानं. मिलिमीटरला १००० नं भागायचं, उलट्याला सुलट करायचं, आणि त्यानंतरच लेबल.

कधी आकडे दिसतात ५०००, ५००० किंवा १०००, १०००. हे सर्व्हेअरनं पहिल्या स्टेशनला सोयीसाठी मानलेले आकडे. या ड्रॉइंगला ३२६४३ म्हटलं तर ते विषुववृत्तावर, मालदीवच्या पश्चिमेला समुद्रात जाऊन पडतं. इथे कितीही सीआरएस बदलून पाहिले तरी उपयोग नाही, कारण या आकड्यांचं पृथ्वीशी नातंच अजून जोडलेलं नाही. लोक याद्या धुंडाळत बसतात याचं मला वाईट वाटतं. लागतात ते जमिनीवरचे दोन पक्के बिंदू, डीजीपीएसनं (अधिक अचूक जीपीएसनं) घेतलेले, ड्रॉइंगमध्येही ओळखू येणारे. मग ऑटोकॅडमध्ये अलाइन कमांड, दोन बिंदू दोन जागांवर, आणि शेवटी ते स्केल करायचं का असं विचारतं तेव्हा 'नो'. 'येस' म्हटलं तर बिंदू तंतोतंत बसतात, पण डीजीपीएसची किंवा मोजणीची चूक गुपचूप सगळ्या ड्रॉइंगभर पसरते. 'नो' म्हटलं की दुसऱ्या बिंदूवर जे काही सेंटिमीटर उरतात ते डोळ्यांना दिसतात, आणि ते दिसलेच पाहिजेत.

चूक किती अंतराची आहे यावरूनही बरंच कळतं. पुणे परिसरात सगळं ड्रॉइंग आकारानं ठीक, पण शंभर मीटरच्या घरात सरकलेलं दिसलं तर झोनचा संशय घेऊ नये. तो डेटमचा, म्हणजे पृथ्वीचा आकार आणि केंद्र कसं धरलं याचा, फरक असतो. जुने सर्वेक्षण नकाशे एव्हरेस्ट लंबगोलावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या मापावर, आहेत. २००५च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर सर्व्हे ऑफ इंडियाच्या ओपन सिरीज नकाशांसाठी डब्ल्यूजीएस ८४ हा जीपीएसचा डेटम आला. जुन्या नकाशावरून गिरवलेल्या ड्रॉइंगला थेट डब्ल्यूजीएसचं लेबल लावलं की हा सरक येतो. लोक मग लेयर उचलून डोळ्यानं जागेवर सरकवतात. तसं करू नये, कारण हा सरक सगळीकडे सारखा नसतो. तालुका बदलला की पुन्हा चुकेल. खरं एव्हरेस्टचं लेबल लावून, योग्य डेटम ट्रान्सफॉर्मेशन निवडून रूपांतर करावं.

उलट दिशेचा प्रवास, जीआयएसकडून कॅडकडे, कमी बोलला जातो, आणि पैशाचं नुकसान तिथेच जास्त होतं. बेसमॅपवर काम केलं म्हणून प्रोजेक्ट वेब मर्केटरमध्ये असतो. लेयर तिथे सुंदर जुळतात, कारण क्यूजीआयएस दाखवताना सगळ्यांना जागच्या जागी वळवून घेतं. मग कुणी तशीच डीएक्सएफ काढून आर्किटेक्टला पाठवतो. डीएक्सएफ निर्यात करताना सीआरएस निवडायची जागा असते, पण ती तशीच सोडली जाते. वेब मर्केटरचा मीटर जमिनीवरचा मीटर नाही. पुण्याच्या अक्षांशावर तो लांबी ५ ते ६ टक्क्यांनी फुगवतो आणि क्षेत्रफळ ११ ते १२ टक्क्यांनी. ४० गुंठ्यांचा प्लॉट ऑटोकॅडच्या एरिया कमांडमध्ये ४४ गुंठ्यांच्या वर दिसतो. इथे नुसतं लेबल बदलून भागत नाही; मुद्दाम यूटीएममध्ये रूपांतर करूनच द्यावं लागतं.

यूटीएम दिल्यावरही चांगला ड्राफ्ट्समन एक प्रश्न विचारतो: टोटल स्टेशननं मोजलेला किलोमीटर तुमच्या नकाशात थोडा कमी का? त्याचं बरोबर आहे. झोन ४३च्या मध्यरेषेवर, ७५ अंश रेखांशावर, यूटीएम मुद्दाम ०.९९९६ पट आहे, म्हणजे किलोमीटरमागे ४० सेंटिमीटर कमी. झोनच्या कडेला, ७८ अंशांजवळ, तोच किलोमीटर सुमारे ८० सेंटिमीटर जास्त येतो. पाइपलाइनच्या आराखड्याला हे चालून जातं. पुलाच्या खांबांना चालत नाही. तिथे जमिनीवरच्या अंतराचं ड्रॉइंग वेगळं ठेवावं आणि दोहोंमधला गुणक त्यावर लिहावा.

विदर्भात काम करणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. अमरावती झोन ४३ मध्ये, यवतमाळ ४४ मध्ये. दोन्ही गावांना जोडणारा रस्ता कागदावर अखंड असतो, पण ७८ अंश ओलांडताना त्याच बिंदूचा पूर्वेचा आकडा एका झोनमध्ये सुमारे ८ लाख १३ हजार आणि दुसऱ्यात १ लाख ८७ हजार. दोन सर्व्हेअरांनी आपापल्या झोनमध्ये काम करून तुकडे पाठवले आणि कुणी ते कॅडमध्ये एकत्र पेस्ट केले, तर रस्ता दोन टोकांना पडतो. आधी प्रत्येक तुकड्याला त्याचं स्वतःचं लेबल, मग एकाचं दुसऱ्याच्या झोनमध्ये रूपांतर, आणि मगच जोडणी. हाच क्रम ठेवावा लागतो.

आमच्याकडून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक ड्रॉइंगच्या टायटल ब्लॉकमध्ये आता उत्तर दिशेच्या बाणाखाली एक ओळ असते: 'डब्ल्यूजीएस ८४, यूटीएम झोन ४३ उत्तर, ईपीएसजी ३२६४३, एकक मीटर, आकडे पूर्व–उत्तर या क्रमानं', आणि तिच्याखाली ओळखीच्या एका बिंदूचे आकडे. ती ओळ माझी सहकारी स्वतः टाइप करते, आणि पाठवण्याआधी तो बिंदू क्यूजीआयएसमध्ये टाकून गावात पडतो का ते बघते.