आरतीची घंटा आणि बंड्याची लाळ

महालक्ष्म्यांच्या पूजनाचा दिवस होता. सोळा भाज्यांचा नैवेद्य मांडून झाला, समया लागल्या, भावानं घंटा हातात घेतली. पहिला ठोका पडला मात्र, मागच्या खोलीचं दार ढकलून बंड्या सुसाट आत आला. वय दीड वर्ष, वजन ३२ किलो, जात लॅब्राडोर. शेपटीचा फटका समईला, पुढचे दोन्ही पाय पाटावर आणि मान वर फुलोऱ्याकडे. दोऱ्याला टांगलेल्या करंज्या नि वेण्या पंख्याच्या वाऱ्यानं हलत होत्या. समई मावशीनं वेळेवर सावरली. सगळे त्याच्यावर ओरडले, मीही ओरडले. रात्री भांडी आवरताना मात्र लक्षात आलं की हे त्याला आम्हीच शिकवलं होतं.

आमच्या परभणीच्या घरात रोज संध्याकाळी आरती होते. घंटा वाजते आणि आरती संपली की साखरफुटाण्याचे दोन दाणे बंड्यापुढे पडतात. वर्षभर, एकही दिवस न चुकता. रशियाचे शास्त्रज्ञ इव्हान पावलोव्ह कुत्र्यांच्या पचनाचा अभ्यास करत होते, त्यासाठीच त्यांना १९०४ साली नोबेल मिळालं. त्या कामात त्यांना दिसलं की अन्न तोंडात पडण्याआधीच कुत्र्याची लाळ सुटते. अन्न आणणाऱ्या माणसाच्या पायरवानंसुद्धा. मग त्यांनी मेट्रोनोम या ठेका धरणाऱ्या यंत्राची टिकटिक, विजेची घंटी असे आवाज आणि अन्न यांची जोडी लावून पाहिली. काही दिवसांनी नुसत्या आवाजावर लाळ यायला लागली. पावलोव्हनी प्रयोगशाळेत जे मुद्दाम केलं, ते आम्ही देवघरात नकळत केलं. त्या दिवशी फरक एवढाच होता की घंटेनंतर येणारं खाणं समोर डोंगरासारखं रचलेलं होतं.

तो डोंगर बंड्याला कसा दिसत असेल? खरं तर दिसण्याचा प्रश्नच दुय्यम आहे. कुत्र्याच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात. निळा आणि पिवळा त्याला कळतो, लाल-हिरवं एकाच मळकट छटेत जातं. नाकाची गोष्ट वेगळी. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी सुमारे ५० ते ६० लाख, कुत्र्याच्या नाकात जातीप्रमाणे २० ते ३० कोटींपर्यंत. शिवाय श्वास सोडताना हवा नाकपुडीच्या बाजूच्या फटीतून बाहेर पडते, त्यामुळे नवा वास आत ओढणं थांबत नाही. आपल्याला स्वयंपाकघरातून ‘पुरणाचा वास’ येतो. त्याला डाळ वेगळी, गूळ वेगळा, तूप वेगळं, तव्यावर करपलेली पोळीची कड वेगळी, आणि पहिल्यांदाच घरात आलेल्या दहा पाहुण्यांच्या चपला वेगळ्या. त्यात टाळ-घंटेचा नाद. आपल्याला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला ४५,००० पर्यंत. पितळेच्या टाळेतून निघणारे बारीक, उंच स्वर आपल्यापर्यंत पोचतच नाहीत. त्याच्या कानात ते भरून राहतात.

लॅब्राडोरच्या बाबतीत भूक हा आणखी एक मुद्दा. केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की बऱ्याच लॅब्राडोरमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकातला छोटा तुकडाच गळालेला असतो. त्यांनी तपासलेल्यांपैकी सुमारे पाव कुत्र्यांत हा बदल सापडला. हे जनुक ‘पोट भरलं’ असा निरोप मेंदूला देणाऱ्या साखळीतलं आहे. तो निरोपच नीट पोचत नसेल, तर त्या कुत्र्याला हावरट म्हणून रागावण्यात अर्थ नाही. सणाच्या दिवशी नैवेद्याला उशीर होतो, म्हणून आता आम्ही बंड्याचं जेवण आधीच उरकतो.

आईला हे पटत नाही. “मुकं जनावर आहे, सणाचं गोड त्याला बी लागतंच की,” म्हणत ती पानातलं काढून ठेवते. तिची माया खरी आहे, म्हणूनच तिला एकेक पदार्थ समोर धरून सांगावं लागलं.

सगळ्यात आधी मनुका. शिऱ्यातल्या, खिरीतल्या, पंचखाद्यातल्या. द्राक्षं आणि मनुकांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, हे पशुवैद्यांना बरीच वर्षं माहीत होतं, पण कशानं ते उमगत नव्हतं. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या प्राणी-विषबाधा तज्ज्ञांनी द्राक्षांतल्या टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं. घरी मळलेली खेळण्याची कणीक खाऊन एक कुत्रा आजारी पडला. त्या कणकेत टार्टारिक आम्लाचा क्षार, म्हणजे क्रीम ऑफ टार्टर होतं आणि लक्षणं अगदी द्राक्षांसारखीच होती. मग चिंच खाऊन मूत्रपिंडं बिघडलेल्या कुत्र्यांच्या नोंदीही पुढे आल्या. हे वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आमचं ताट आलं. महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला आपल्याकडे चिंच-गुळाचं पंचामृत हवंच, कटाच्या आमटीतही चिंचेचा कोळ. चिंचेच्या गरात या आम्लाचं प्रमाण वजनाच्या ८ ते १८ टक्क्यांपर्यंत असतं. किती खाल्लं म्हणजे धोका, याचा खात्रीचा आकडा नाही. एखादा कुत्रा थोड्यानंही आजारी पडतो. म्हणून खरकटी पानं आणि आमटीचं पातेलं त्याच्या तोंडाला लागू द्यायचं नाही. असं काही खाल्लं तर उलटीची वाट पाहत बसू नये, लगेच पशुवैद्याला फोन करावा. सणात दवाखाने बंद असतात, तेव्हा कोण हजर आहे हे आदल्या दिवशीच विचारून ठेवावं. मराठवाड्यात परभणीला आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, हा मोठा आधार.

चॉकलेटचे मोदक घरात आणूच नयेत असं माझं मत आहे. त्यातलं थिओब्रोमिन नावाचं उत्तेजक द्रव्य माणसाचं शरीर काही तासांत निम्म्यावर आणतं, कुत्र्याच्या शरीराला त्यासाठी सतराएक तास लागतात. तोवर हृदय धडधडत राहतं. फुलोऱ्यातल्या तळणाचा धोका वेगळा: एकदम खूप तेलतूप पोटात गेलं की स्वादुपिंडाला सूज येऊ शकते.

आणि पत्री. गणपतीच्या एकवीस पत्रींमध्ये धोतरा आहे, रुई आहे, कण्हेरही आहे. कण्हेरीच्या पानापानांत हृदयाचे ठोके बिघडवणारी द्रव्यं असतात, आणि पान वाळलं तरी ती जात नाहीत. निर्माल्याची परडी आम्ही आता माळ्यावर ठेवतो.

आईसाठी तोडगा निघाला तो डाळीपाशी. पुरणाची हरभरा डाळ शिजली की गूळ-मीठ काही पडण्याआधी दोन चमचे बाजूला काढायची आणि ज्वारीच्या भाकरीत कालवून द्यायची. वास पुरणाचाच, त्यामुळे बंड्याची तक्रार नाही, आणि आईच्या जिवाला शांतता.

राहिली घंटा. शिकलेली जोडी रागावून पुसता येत नाही, तिच्यावर दुसरी जोडी बसवावी लागते. यंदाच्या नागपंचमीपासून आम्ही सुरुवात केली. घंटेचा लोलक फडक्यात गुंडाळला, म्हणजे आवाज अगदी दबका. भाऊ लांबच्या खोलीत एकदाच वाजवी, मी त्याच क्षणी बंड्याच्या जुन्या वाकळेवर भाकरीचा तुकडा टाकी. देवघरापाशी काहीच मिळायचं नाही, जे मिळायचं ते वाकळेवर. चार दिवसांनी फडकं सैल केलं, आठवड्यानं काढलं. तो अस्वस्थ दिसला की एक पायरी मागे. घाई केली की आधीचं सगळं पाण्यात जातं, हे एकदा अनुभवलं.

दुसरी गोष्ट नाकाची. पाहुणे यायच्या आधी अर्धा तास त्याला मोकळ्या रानात नेते आणि हवं तिथे हुंगू देते, लगाम ओढत नाही. २०१९ च्या एका प्रयोगात, दोन आठवडे रोज वास शोधायचा खेळ खेळलेले कुत्रे, नुसतं मालकाशेजारी चालायचा सराव केलेल्या कुत्र्यांपेक्षा, खाऊ असेल की नाही याची खात्री नसलेल्या वाडग्याकडे जास्त आशेनं पुढे जाताना दिसले. घरी आल्यावर वाकळेच्या घड्यांत भाकरीचे बारीक तुकडे लपवते. ते हुडकण्यात तो इतका रमतो की दारातल्या सवाष्णींकडे मान वर करून एकदाच बघतो.

यंदा ज्येष्ठा नक्षत्रावर पूजन झालं, आरती सुरू झाली, घंटा वाजली. बंड्या उठला, वळला आणि वाकळेवर जाऊन बसला. आरतीनंतर मी भाकरीचा तुकडा घेऊन गेले तेव्हा त्याच्या हनुवटीखाली वाकळ तळहाताएवढी ओली झाली होती.