नाशिकच्या डोंगरउतारांवरील वनस्पतिपट्टे

नाशिक जिल्ह्यातील डोंगर लाव्ह्याचे आहेत, पण त्यांतला एकही ज्वालामुखीचा शंकू नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांब भेगांतून लाव्हा वाहिला, थरावर थर साचले आणि पुढे नद्या-ओढ्यांनी ते कोरून काढले. साल्हेर (१,५६७ मी.), ब्रह्मगिरी, अंजनेरी ही त्या पठाराची शिल्लक होय.

आफ्रिकेतील किलिमांजारोसारख्या ज्वालामुखीवर (५,८९५ मी.) पायथ्याची गवताळ राने, वरचे दाट अरण्य, झुडपी माळ, ओसाड खडकाळ पट्टा आणि बर्फ अशी क्रमवारी दिसते, कारण दर हजार मीटरला हवा साधारण सहा अंशांनी थंड होते. नाशिक शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे. तिथून साल्हेरच्या माथ्यापर्यंतचा फरक हजार मीटरही भरत नाही. त्यामुळे इथल्या उतारावरची झाडे थंडीपेक्षा पाऊस, मातीची खोली आणि पायाखालचा थर पाहून बदलतात.

पावसाचा फरक मोठा आहे. इगतपुरीत वर्षाला ३,००० मिमीहून अधिक पाऊस पडतो, नाशिक शहरात ७०० मिमीच्या आसपास, तर सिन्नर-येवल्याकडे त्याहूनही कमी. म्हणून घाटमाथ्यालगत ऐन (सादडा), हिरडा, जांभूळ; पेठ-सुरगाण्याकडे साग, मोह, पळस; आणि पूर्वेच्या कोरड्या टेकड्यांवर खैर, बोर, सालई, हिवर आढळतात. एकाच डोंगराची दक्षिणेकडची बाजू हिवाळ्यात दिवसभर ऊन खाते आणि लवकर सुकते. उत्तरेच्या बाजूची झाडी त्यामानाने दाट असते.

खरी गुरुकिल्ली मात्र थरांत आहे. कठीण बेसॉल्टचे (लाव्हा गोठून झालेल्या काळ्या खडकाचे) कडे बनतात, सच्छिद्र बेसॉल्ट झिजून पायऱ्या तयार होतात आणि काही ठिकाणी दोन थरांमध्ये तांबड्या मातीसारखा पट्टा असतो. कातळाच्या भेगांतून मुरलेले पाणी या घट्ट पट्ट्यावर अडते आणि बाजूने पाझरते. त्यामुळे कड्याच्या पायथ्याशी झरे लागतात आणि झाडीची हिरवी रेघ डोंगराला आडवी धावते. घळींत जांभूळ, आंबा, अंजनी, उंबर टिकतात. वरच्या उघड्या कड्यावर भेगेत मुळे रोवणारी पायर आणि पांढऱ्या खोडाचा कांडोळ अशी मोजकीच झाडे तग धरतात. मुरमाड उतारावर जिथे नांगर चालत नाही तिथे नागली आणि वरई होते.

तीव्र उतारांवर कारवी माजते. तिचे ताटवे सात-आठ वर्षांतून एकदा एकदम फुलतात, बोंडे वाळून तडकतात, बी उधळते आणि सगळी झुडपे एकाच वेळी मरतात. नवी रोपे वर येईपर्यंत तो उतार उघडा राहतो. त्याच काळात गुरे सोडली किंवा वणवा लागला तर माती वाहून जाते आणि कारवीच्या जागी नुसते गवत उरते. फुलोऱ्यानंतरची एक-दोन वर्षे जपणे म्हणूनच सर्वांत महत्त्वाचे.

माथ्याचा कातळसडा (सपाट उघडा खडक) वरवर उजाड दिसतो, पण वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने हाच सर्वांत मोलाचा भाग आहे. कातळाच्या खोलगटांत काही सेंटिमीटर माती असते. पावसाळ्यात तिथे गेंद, सीतेची आसवे, कवला, सोनकी फुलतात. सीतेच्या आसवांना मुळे नसतात. मातीत नत्र कमी म्हणून ती बारीक फुग्यांत सूक्ष्म जीव पकडतात. अंजनेरीचे नाव मिळालेले सेरोपेजिया अंजनेरिका हे कंदीलपुष्प याच वस्तीतले. कंदीलपुष्पांच्या नळीत आत वळलेले केस असतात. शिरलेली बारीक माशी अडकते, परागकण अंगाला लागतात, मग केस सुकून ती सुटते. पाऊस सरला की वरचा भाग वाळतो आणि जमिनीत कंद उरतो. तो खणून नेला, तर पुढच्या वर्षी तिथे काहीच उगवत नाही. अंजनेरीचा काही भाग २०१७ मध्ये संवर्धन राखीव घोषित झाला.

पाहणीसाठी पायथ्यापासून दर १०० मीटर उंचीवर नमुना-चौकोन आखतात: झाडांसाठी १० × १० मी., झुडपांसाठी ५ × ५ मी., गवत-फुलांसाठी १ × १ मी. झाडाचा घेर जमिनीपासून १.३७ मीटरवर मोजतात. उताराची दिशा होकायंत्राने आणि मातीची खोली लोखंडी सळई ठोकून पाहतात. मोबाइलमधली उंची दरीत आणि कड्याखाली बरीच चुकते, म्हणून ती नकाशावरच्या समोच्च (सारखी उंची दाखवणाऱ्या) रेषांशी ताडून घ्यावी. एकच फेरी पुरत नाही. फुलांसाठी ऑगस्ट-सप्टेंबर, वृक्षांसाठी मार्च-एप्रिल. फुलाविना कंदीलपुष्पाची जात ठरवणे टाळावे.

वृक्षारोपणाचे खड्डे सड्यावर घेऊ नयेत. माती पातळ असल्याने रोपे उन्हाळ्यात जळतात. शिवाय खणताना कंद उपटले जातात आणि पाणी धरणारा खोलगट फुटतो. जगलीच तर त्यांच्या सावलीत ऊन मागणारी फुले मरतात. खड्डे घ्यायचे तर खालच्या पायरीवर, सळई किमान अर्धा मीटर आत जाते तिथे, आणि रोपे त्याच उतारावरच्या बियांची.