खारपाण पट्ट्यातील सेंद्रिय भूसुधारणा

विदर्भात पूर्णा नदीच्या खोऱ्यात, अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेल्या खारपाण पट्ट्यात खाऱ्या विहिरींवर ओलीत करताना पीक तगावे म्हणून जमिनीत शेणखत, कंपोस्ट व हिरवळीची खते मिसळण्याची पद्धती. ‘खारपाण’ हा शब्द ‘खारे पाणी’ यावरून आला असावा. व्यवहारात तो जमिनीलाही लावतात.

येथील क्षारांच्या उगमाविषयी मतभेद आहेत. एका मताप्रमाणे खचलेल्या, जवळजवळ बंदिस्त खोऱ्यात पूर्णेचा गाळ साचत गेला आणि निचऱ्याअभावी क्षार तेथेच अडकले. दुसरे मत नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरोतील अभ्यासकांनी मांडले. निमशुष्क हवामानात जमिनीतील कॅल्शियम चुनखडीच्या रूपात साक्याप्रमाणे बसते आणि मातीच्या कणांवर सोडियमचे प्रमाण वाढत जाते, असे ते मानतात. कधीही ओलीत न झालेल्या शेतांतही खालचे थर चोपण (सोडियममुळे घट्ट व निचरा न होणारे) का आढळतात, हे दुसऱ्या मताने अधिक सहज उलगडते. कदाचित दोन्ही कारणे एकत्र घडली असतील. सुधारणेच्या दृष्टीने मात्र दुसरे मत महत्त्वाचे, कारण त्यानुसार हरवलेले कॅल्शियम शेतातच, चुनखडीत अडकून पडलेले आहे.

सेंद्रिय खताचे काम येथेच सुरू होते. ते कुजताना कार्बन डायऑक्साइड निर्माण होतो, त्याचे पाण्यात कार्बॉनिक आम्ल बनते व चुनखडी थोडीथोडी विरघळते. मोकळे झालेले कॅल्शियम कणांवरील सोडियमची जागा घेते, चिकणमातीचे कण पुन्हा एकत्र येतात व पाणी मुरू लागते. जिप्सम हे कॅल्शियमयुक्त खनिज कॅल्शियम बाहेरून पुरवते, तर सेंद्रिय खत ते जमिनीतूनच सोडवते. हे काम संथ आहे. त्यामुळे फार चोपण जमिनीत दोन्ही एकत्र वापरणे अधिक भरवशाचे.

१९५४ च्या अमेरिकन वर्गीकरणात विनिमययोग्य सोडियम (मातीच्या कणांवरील, अदलाबदल होऊ शकणाऱ्या मूलद्रव्यांत सोडियमचा वाटा) १५ टक्क्यांवर गेले की जमीन चोपण समजतात. पूर्णा खोऱ्यातील फुगणाऱ्या काळ्या मातीत मात्र सुमारे ५ टक्क्यांपासूनच निचरा बिघडल्याचे आढळले आहे. येथे १५ ची वाट पाहणे घातक ठरते. ओलिताच्या पाण्यात बायकार्बोनेट जास्त असल्यास सुटलेले कॅल्शियम पुन्हा चुनखडीत जाते. म्हणून खत एकदा घालून भागत नाही.

हिरवळीच्या खतांच्या पिकांपैकी धैंचा चोपण व पाणथळ जमीन सोसतो. तो पावसाच्या सुरुवातीस पेरून फुलोऱ्याच्या सुमारास गाडतात. बोरू (ताग) निचऱ्याच्या जमिनीत बरा. कोंबडीखतात क्षार असल्याने ते जपून वापरावे. शेतात पसरलेले पिकांचे अवशेष बाष्पीभवन कमी करतात, त्यामुळे क्षार वर येण्याचा वेगही मंदावतो.

सेंद्रिय खत क्षार नाहीसे करत नाही. सुटलेले सोडियम खाली वाहून नेण्यास गोडे पाणी, म्हणजे येथे पाऊसच, लागतो आणि पुढे वाट काढून देणारे चरही. शेततळ्यातील पावसाचे पाणी विहिरीच्या पाण्यात मिसळून, किंवा आळीपाळीने, दिल्यास खताचा परिणाम अधिक टिकतो. उगवणीच्या वेळी पीक सर्वांत नाजूक असते. शक्य असल्यास ते पहिले ओलीत तरी गोड्या पाण्याचे असावे.