शब्द तोच, देश वेगळा: ऑनलाइन गटांतील राजकीय गैरसमजांची पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील मराठी माणसांच्या ऑनलाइन गटांत गावी राहणाऱ्यांबरोबर अमेरिका, आयर्लंड, ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेले नातलगही असतात, आणि राजकारणाचा विषय निघाला की एकाच शब्दावरून दोघांचे बिनसते. कोणता संदेश ठेवायचा आणि कोणता काढायचा, हे ठरवणाऱ्या अ‍ॅडमिनला त्या शब्दाचा प्रवास ठाऊक नसेल, तर निरपराध माणसावर कारवाई होते.

‘होमरूल’ हा बेळगावच्या अभिमानाचा शब्द आहे, कारण लोकमान्य टिळकांनी एप्रिल १९१६ मध्ये येथेच होमरूल लीग स्थापन केली. शब्द मूळचा आयर्लंडच्या चळवळीतला. ब्रिटिश साम्राज्यात राहून आपली संसद मिळवावी, ही तेथील मागणी १८७० नंतर जोर धरू लागली होती, आणि साम्राज्यांतर्गत स्वराज्य मागताना टिळकांना तीच चौकट उपयोगी पडली. अमेरिकेत मात्र १८७५ च्या मिसुरी राज्यघटनेपासून त्याचा रूढ अर्थ शहराने स्वतःची सनद करून आपला कारभार पाहणे असा आहे. त्यामुळे बेळगावकराला ज्यातून स्वातंत्र्यलढा ऐकू येतो, त्यातून अमेरिकेत वाढलेल्या भाच्याला नगरपालिका ऐकू येते. यात दोघांपैकी कोणीही अडाणी नाही.

‘लिबरल’ची गुंतागुंत याहून मोठी आहे. १९०७ च्या सुरत अधिवेशनात जहालांपासून फुटलेल्या मवाळांपैकी अनेकांनी १९१८ मध्ये वेगळी परिषद भरवून हे नाव घेतले आणि मराठीत ते नेमस्त किंवा प्रागतिक म्हणून ओळखले गेले. ऑस्ट्रेलियात रॉबर्ट मेंझीज यांच्या पुढाकाराने १९४४ मध्ये स्थापन झालेला लिबरल पक्ष उजवीकडे झुकलेला आहे, तर अमेरिकेत फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या काळापासून हाच शब्द डावीकडचा ठरला. आपल्याकडे तर आता तो शिवीसारखा वापरला जातो, ही मला खेदाची बाब वाटते.

‘रिपब्लिकन’ म्हटले की आपल्यासमोर निळा झेंडा आणि १९५७ मध्ये बाबासाहेबांच्या अनुयायांनी स्थापन केलेला पक्ष येतो. अमेरिकेतील त्याच नावाच्या पक्षाशी त्याचा संबंध नाही, आणि आयर्लंडमध्ये त्या शब्दातून अखंड आयर्लंडची मागणी सूचित होते.

अर्थ बदलायला समुद्र ओलांडावा लागतोच असे नाही, हे सीमाभागाइतके कोणाला ठाऊक असणार? ‘एकीकरण’ हा शब्द मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत आहे. कन्नड माणसाच्या मनात त्यातून १ नोव्हेंबर १९५६ ला साकारलेले राज्य उभे राहते, तर येथील मराठी माणसाच्या मनात महाराष्ट्रात जाण्याची त्याच दिवशी डावलली गेलेली मागणी. दरवर्षी त्या तारखेला एकीकडे राज्योत्सव आणि दुसरीकडे काळा दिवस पाळला जातो, आणि त्या दिवशीचा या एका शब्दाचा संदेश कोणाला अभिनंदन वाटतो, तर कोणाला जखमेवरचे मीठ.