फिशर–स्पास्की, सहावा डाव (१९७२)

आइसलँडची राजधानी रेक्याविक येथे जगज्जेतेपदाच्या लढतीत २३ जुलै १९७२ रोजी बॉबी फिशर (अमेरिका) आणि तत्कालीन जगज्जेता बोरिस स्पास्की (सोव्हिएत संघ) यांच्यात झालेला बुद्धिबळाचा डाव. पहिला डाव हरून व दुसऱ्याला गैरहजर राहून ०–२ असा मागे पडलेल्या फिशरने पाच डावांअखेर बरोबरी साधली होती. या विजयाने त्याने प्रथमच आघाडी (३½–२½) घेतली.

राजापुढील प्याद्याने सुरुवात करणे हा फिशरचा जवळजवळ नेमच होता. येथे मात्र पांढऱ्या सोंगट्यांनी खेळताना त्याने एक प्यादे सी४ या घरावर आणले (पटाच्या उभ्या रांगांना ए ते एच ही अक्षरे आणि आडव्या रांगांना १ ते ८ हे अंक असतात) आणि तिसऱ्या खेळीत वजिरापुढील प्यादे डी४ वर आणून त्याने डाव क्वीन्स गॅम्बिट डिक्लाइन्ड (पांढऱ्याने देऊ केलेले सी४ वरील प्यादे काळा मारत नाही) या अभिजात पद्धतीकडे वळवला. स्पास्कीने सातव्या खेळीला बी६ खेळून या पद्धतीतील आपला आवडता टार्टाकोवर बचाव निवडला.

अदलाबदलीनंतर काळ्याची सी५ व डी५ ही प्यादी शेजारच्या प्याद्यांच्या आधाराविना उरली. अठराव्या खेळीत फिशरने घोडा डी४ वर आणला. सी५ वरील प्याद्याला तो मारता येत नव्हता, कारण ते हलताच ए३ वरील पांढऱ्या वजिराचा मारा थेट ई७ वरील काळ्या वजिरावर आला असता. घोड्याने ई६ वरील उंट टिपल्यावर विसाव्या खेळीला ई४ आले, तेव्हा स्पास्कीने डी४ खेळून मध्यभाग बंद केला. त्याचे ते प्यादे दिसायला बळकट होते, पण ते पुढे सरकताच पांढऱ्या उंटाला सी४ वरून राजाकडे जाणारा तिरपा मार्ग खुला झाला. डावाचे पारडे येथेच फिरले, असे म्हणता येईल.

पुढे स्पास्कीचा वजीर डी८ आणि ई८ या दोन घरांतच येरझाऱ्या घालत राहिला. त्याला करण्यासारखे काहीच नाही हे ओळखून फिशरने घाई केली नाही. हत्ती, उंट व वजीर एकेक करून हव्या त्या घरी नेले आणि अडतिसाव्या खेळीत एफ६ वरील घोड्यासाठी हत्ती देऊन राजाची तटबंदी फोडली. ४१व्या खेळीनंतर स्पास्कीने हार मान्य केली आणि प्रेक्षकांबरोबर स्वतःही टाळ्या वाजवल्या.

फिशरच्या चौदाव्या खेळीला (उंट बी५) चोख उत्तर होते. स्पास्कीचा साहाय्यक येफिम गेलर याने १९७३ साली नेदरलँड्समधील हिल्व्हरसम येथे डच खेळाडू यान टिम्मनविरुद्ध त्याच स्थितीत काळ्या सोंगट्यांनी वजीर बी७ वर नेला आणि तो डाव जिंकला.