किल्लारी आणि मागाहून सुचलेलं शहाणपण

किल्लारीचा विषय निघाला की लातूर-धाराशिवकडच्या पारावर कुणीतरी म्हणतंच, "सालभर जमीन हालत व्हती. तवाच वळखायला पाहिजे व्हतं."

जमीन हलत होती हे खरं. ऑक्टोबर १९९२ मध्ये तिथे छोट्या धक्क्यांची मालिकाच लागली होती. पुढे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, विसर्जन उरकून गावं झोपलेली असताना, मोठा भूकंप झाला आणि दगडमातीच्या जाडजूड भिंतींखाली हजारो माणसं दबून गेली. पण आदल्या दिवसापर्यंत हा भाग भूकंपाच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. दख्खनचं पठार म्हणजे स्थिर जमीन, असंच जाणकारही धरून चालले होते.

मग ते धक्के आज इतके बोलके का वाटतात? निकाल कळल्यावर तो आधीपासून दिसतच होता असं वाटणं, याला मानसशास्त्रात 'हाइंडसाइट बायस' म्हणतात. मानसशास्त्रज्ञ बारूक फिशहॉफ यांनी १९७५ मध्ये याचे प्रयोग छापले. १८१४ च्या इंग्रज-गुरखा लढाईची माहिती लोकांना वाचायला दिली. काहींना निकाल सांगितला, काहींना नाही. गंमत म्हणजे वेगवेगळ्या गटांना वेगवेगळे निकाल 'खरे' म्हणून सांगितले होते. ज्याला जो निकाल सांगितला, त्याला तोच आधीपासून होण्यासारखा वाटला. मजकूर सगळ्यांचा तोच! फक्त निकालाला जुळणारे तपशील प्रत्येकाला ठळक दिसले.

आठवणीचंही तेच. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन १९७२ मध्ये चीन आणि रशियाला गेले, त्याआधी या दौऱ्यांत काय घडेल याचे विद्यार्थ्यांकडून अंदाज लिहून घेतले होते. नंतर ते आठवायला सांगितल्यावर, जे घडलं त्याची शक्यता आपण जास्तच धरली होती, असं बहुतेकांना वाटलं. यात लबाडी नव्हती. आठवण दरवेळी नव्याने जुळवली जाते, आणि कळलेला निकाल तिच्यात गुपचूप मिसळतो.

"असं होतं, सांभाळा," एवढं बजावून फारसा फरक पडत नाही. उलटं घडलं असतं तर ते आपण कसं समजावलं असतं, असा विचार करायला लावला तर थोडा पडतो. मराठवाड्यात त्यासाठी कल्पना लढवायचीही गरज नाही. नांदेड शहरात २००६ च्या अखेरीस अशीच धक्क्यांची मालिका सुरू झाली, आणि किल्लारीच्या आठवणीने लोक धास्तावले. मोठा भूकंप आला नाही. त्या धक्क्यांना आज कुणी 'इशारा' म्हणत नाही.