मानवी सुस्थिती

माणूस धडधाकट असणे, त्याच्या हाती चार पैसे असणे आणि तो समाधानी असणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या एकत्र कशाने नांदतात आणि नांदत नसतील तर कुठे अडते, हा सुस्थितीच्या अभ्यासाचा विषय. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९४८ साली अमलात आलेल्या घटनेने शारीरिक, मानसिक आणि सामाजिक स्वास्थ्य एकाच व्याख्येत आणले. १९९० पासून मानव विकास निर्देशांकात उत्पन्नाच्या जोडीला आयुर्मान आणि शिक्षण मोजले जाऊ लागले. अमर्त्य सेन यांचा आग्रह आणखी पुढचा : माणसाकडे काय आहे यापेक्षा त्याला काय करता येते आणि काय होता येते, ते पाहावे. सुस्थिती ही मनाच्या सवयींची बाब आहे, हा समज आज फार पसरला आहे आणि तो अपुरा आहे. काम, पाणी, झोप, घर आणि सोबतीची माणसे यांचा भरवसा नसेल, तर मन आवरून फारसे साधत नाही. यंत्रमाग आणि विडी या दोन धंद्यांवर वाढलेल्या सोलापुरात हे स्पष्ट दिसते.

काम : लंडनमधील सरकारी नोकरांची १९६७ साली सुरू झालेली व्हाइटहॉल पाहणी या क्षेत्रात पायाभूत मानली जाते. हे सगळे कायम नोकरीतले पुरुष होते, तरीही सर्वांत खालच्या श्रेणीतल्यांचा मृत्युदर वरच्या श्रेणीतल्यांच्या सुमारे तिप्पट निघाला. पुढच्या अभ्यासांतून कारणाचा एक धागा हाती लागला. कामाचा रेटा मोठा आणि ते कसे करायचे हे ठरवण्याची मुभा मात्र नाही, अशी जोडी शरीराला सर्वांत जाचते.

विडीच्या कामात ही जोडी घरातच असते. पत्ता म्हणजे तेंदूचे पान आधी भिजवून ओले ठेवायचे, मापावर धरून कात्रीने कापायचे, सूप मांडीवर घेऊन चिमटीने तंबाखू भरायची, वळायचे, टोके दुमडायची, दोरा बांधायचा. मजुरी हजार विड्यांमागे मिळते. पत्ता आणि तंबाखू मोजून दिलेली असते. पत्ता फाटका निघाला तर तूट कामगार बाईच्या पदरी पडते आणि तपासणीत छाटल्या गेलेल्या विड्यांची मेहनत वाया जाते. म्हणजे हात किती वेगाने चालवायचे एवढेच तिच्या हाती, बाकी सगळे दुसऱ्याच्या. त्यात तासन् तास वाकून बसल्याने कंबर आणि मान धरते, आणि तंबाखूतले निकोटीन श्वासाबरोबर व त्वचेतूनही अंगात जाते. तंबाखू मुलांच्या झोपायच्या जागेपासून दूर, शक्यतो उघड्यावर चाळावी, कणकेला हात लावण्यापूर्वी ते साबणाने धुवावेत आणि कामाचे लुगडे वेगळे ठेवावे. एवढ्याने धोका कमी होतो, जात नाही.

यंत्रमागाच्या शेडमध्ये त्रास आवाजाचा असतो. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल, तर आवाज ८५ डेसिबलच्या आसपास किंवा वर आहे असे धरावे. यातून आलेले बहिरेपण परत फिरत नाही. आधी ४,००० हर्ट्‌झच्या आसपासचे ऐकू येणे जाते, म्हणून सुरुवातीला कुणाच्या लक्षात येत नाही. मग घरातले बोलणे अर्धवट कळते, चिडचिड वाढते आणि माणूस बोलणेच टाळू लागतो. कानात कापूस घालण्याचा जवळजवळ उपयोग नसतो. फोमचे बोळे बोटांनी बारीक वळून, दुसऱ्या हाताने कान वर ओढून आत सारावेत आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट दाबून धरावेत. नुसते टोकाशी अडकवलेले बोळे निरुपयोगी.

काम नसणे याहून वाईट ठरू शकते. ऑस्ट्रियातील मारिएनथाल या गिरणीच्या गावी गिरणी बंद पडल्यानंतर सामाजिक मानसशास्त्रज्ञ मारी याहोडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३१-३२ मध्ये अभ्यास केला. लोकांना वेळच वेळ होता, तरी वाचनालयातून नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या जवळपास निम्म्यावर आली आणि पुरुष रस्त्याने रेंगाळत चालू लागले. मजुरीखेरीज काम दिवसाला आकार देते, घराबाहेरची माणसे भेटवते आणि ओळख देते, असे याहोडा यांनी पुढे मांडले. सोलापूरची १८७७ मध्ये सुरू झालेली जुनी गिरणी १९६०च्या दशकात बंद पडली. अशा वेळी फक्त बुडालेला पगार मोजला, तर नुकसानीचा मोठा भाग हिशेबाबाहेर राहतो.

पाणी, झोप, घर : शहराच्या बऱ्याच भागांत नळाला पाणी काही दिवसांआड येत आले आहे. उजनी धरणाचे पाणी किती आले, यापेक्षा ते कधी येणार हे ठाऊक असणे घराला जास्त महत्त्वाचे असते. वेळ अनिश्चित असेल तर कुणाला तरी, बहुधा बाईला, घरी थांबावे लागते. मजुरी बुडते किंवा रात्रीची झोप मोडते. प्रौढ माणसाला किमान सात तास झोप लागते. मे महिन्यात दिवसा चाळिशीपार गेलेला पारा रात्री पत्र्याच्या घरात लवकर उतरत नाही, आणि अंग निवल्याशिवाय गाढ झोप येत नाही.

साठवलेल्या पाण्याचे आणखी एक लफडे म्हणजे डेंग्यूचा डास. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा पिंप, रांजण, हौद रिकामे करून आतल्या भिंती घासाव्यात. नुसते पाणी ओतून देणे पुरत नाही, कारण अंडी पाण्याच्या रेषेवर चिकटलेली असतात आणि कोरड्यातही महिनोन् महिने टिकतात.

घराची मालकी हा स्वतंत्र आधार आहे. सोलापूरजवळच्या कुंभारी येथे महिला विडी कामगारांच्या १०,००० घरांची वसाहत २००६ मध्ये उभी राहिली; त्याच परिसरात रे नगरच्या १५,००० घरांचे लोकार्पण १९ जानेवारी २०२४ रोजी झाले. भाड्याची टांगती तलवार जाते, हा लाभ मोठा. मात्र शहराबाहेरच्या घरात बस, दवाखाना आणि शाळा सोबत आल्या नाहीत, तर वाचलेले भाडे जाण्यायेण्यात जाते.

नाती : १४८ अभ्यासांचे एकत्र विश्लेषण २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात घट्ट सामाजिक संबंध असणाऱ्यांची त्या त्या अभ्यासाच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता ५० टक्क्यांनी जास्त आढळली. सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा, भिशी, बचत गट, गल्लीतला कट्टा यांचे मोल या दृष्टीनेही पाहावे.

मोजमाप : जागतिक आरोग्य संघटनेची पाच प्रश्नांची पट्टी सोपी आणि मोफत आहे. मागच्या दोन आठवड्यांत मन प्रसन्न होते का, शांत वाटले का, अंगात उत्साह होता का, उठल्यावर ताजेतवाने वाटले का, रोजच्या दिवसात मन रमेल असे काही होते का? प्रत्येकाला ० ते ५ गुण द्यायचे आणि बेरजेला ४ ने गुणायचे. ५० किंवा त्याहून कमी आले तर नैराश्याची तपासणी करावी.

चूक होते ती विचारण्यात. सासू शेजारी बसलेली असेल तर सून ‘बरं आहे’ म्हणते. घरात तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्याला मराठीत विचारले, तर छटा हरवतात. हलाखीला सरावलेला माणूस कमी अपेक्षा ठेवून समाधान सांगतो, हा सेन यांनी दाखवलेला धोका आहे. म्हणून या उत्तरांशेजारी झोपेचे तास, बुडालेले रोज आणि पाण्याच्या वेळा मांडाव्यात. एखाद्या योजनेने काय बदलले ते तपासायचे तर प्रश्न, भाषा आणि हंगाम तेच ठेवावेत. पहिल्यांदा मेमध्ये आणि पुन्हा डिसेंबरमध्ये विचारले, तर उकाडा सरल्याचा परिणाम योजनेच्या खात्यावर जमा होतो.